ओल्या हातासाठी नक्षी

चि. मनू,


तुझा चार टॉवेलांचा आराखडा पाहिला. मागाचे आठही शाफ्ट कामाला जुंपलेस, एकालाही उसंत नाही! नक्षी देखणी आहे, पण हे भिंतीवर टांगायचं कापड झालं. टॉवेलाचा विचार ओल्या हातापासून सुरू करावा.

काही धागे अकरा-अकरा धाग्यांवरून सुटे गेले आहेत. इंचाला 24 धागे धरले तर हे जवळजवळ अर्धा इंच झालं. कागदावर ती रेघ डौलदार दिसते. वापरात तिच्यात बांगडी अडकते, अंगठी अडकते आणि धागा ओढला जातो. सुटा धागा पाव इंचाच्या आत ठेव.

आठ शाफ्टचा मोह मला कळतो. चार शाफ्ट असले की उचलायच्या जोडण्या 14, आठ झाले की 254. पण तुझ्या मागाला पेडल दहाच आहेत, आणि ती दहा पुरतात. ताण्याच्या उभ्या धाग्यांचे दोन गट कर: एक गट पहिल्या चार शाफ्टवर, दुसरा पुढच्या चारांवर, दोन्हीत सरळ 1-2-3-4 अशी भरणी. एका गटात ताणा वर दिसेल तेव्हा दुसऱ्यात आडवा बाणा. चार पेडल एका मांडणीची, चार उलट मांडणीची, उरलेली दोन साध्या विणीची. झाले की दहा! चौकटींचा पट तयार होतो, सुटा धागा तीन धाग्यांपलीकडे जात नाही, आणि कापड दोन्ही बाजूंनी वापरता येतं; फक्त रंग उलटतात. उलटी बाजू नसलेलं कापड टॉवेलाला फार सोयीचं, कारण हात पुसणारा बाजू पाहत नाही.

चारही टॉवेल एकाच ताण्यावर काढ. एकाचा बाणा पांढरा, दुसऱ्याचा निळा, तिसऱ्यात चौकटी लांबव, चौथ्यात पेडलांचा क्रम मध्येच उलटव. भरणीचं किचकट काम एकदाच होतं.

हिशेब असा: 8/2 सूत, फणीत रुंदी 20 इंच, म्हणजे 480 धागे. विणताना 32 इंचांचे चार टॉवेल म्हणजे 128 इंच. मागावर वाया जाणारे 30, आणि धागा वरखाली वळत जातो त्यासाठी आणखी 13. एकूण 171 इंच, बरोबर पावणेपाच वार. ताण्याला 2,280 वार सूत लागेल. या सुताचे पौंडाला 3,360 वार भरतात. मर्सराइज्ड सुताची चकाकी टेबलक्लॉथला राहू दे, टॉवेलाला साधं सूत घे.

दोन्ही टोकांना दीड-दीड इंच साधी वीण घाल, आणि तिथे बाणा बारीक वापर. दुमडलेली कड मग जाड होत नाही. ही गोष्ट बहुतेक जणी विसरतात.

आपल्या सोलापुरी टर्किश टॉवेलासारखे फासे हवेत, असंही लिहिलं आहेस. त्याला दोन ताणे लागतात: एक घट्ट, एक सैल. बाण्याचे दोन धागे थोडे मागे ठेवतात, तिसऱ्याबरोबर तिन्ही एकदम पुढे ठोकतात, आणि सैल ताण्याचे फासे उभे राहतात. तुझ्या मागावर एकच बीम आहे, तेव्हा तो नाद सोड. फासे सोलापूरला राहू देत, तुला आठ शाफ्ट मिळाले आहेत.

विणून झाल्यावर गरम पाण्यात धू. कापड आटतं, धागे एकमेकांना धरतात, पोत तेव्हा कळतो. आधी आणि नंतर मोजून वहीत लिही. पुढच्या ताण्याचं माप त्यावरूनच ठरवायचं.

नमुना पाठवशील तर धुतलेला पाठव. मागावरून उतरवलेल्या कोऱ्या कापडावर मी मत देत नाही.

तुझी,
मावशी