चांदीचा ससाणा

परीक्षेची फी भरायची म्हणून आजोबांच्या पेटीतले मॉरिशसचे चांदीचे नाणे घेऊन मी सराफाकडे गेले. १९७५ चे, ५० रुपयांचे. एका बाजूस तिथला ससाणा, दुसरीकडे इंग्लंडची राणी. देश १९६८ साली स्वतंत्र झाला, तरी नाण्यावर राणी होतीच! डचांच्या काळात तिथला डोडो नामशेष झाला. हे ससाणेही १९७४ मध्ये जेमतेम चारच उरले होते. पुढे माणसांनीच ते जपून वाढवले. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या गिरमिटिया मजुरांत कोकणातलेही होते. आमच्या घराण्याची एक शाखा त्यांतलीच. तिच्यातल्या एका पाहुण्याने आजोबांना हे नाणे दिले होते.

सराफाने ते तराजूत टाकून चांदीचा भाव सांगितला.

“आणि ससाण्याचे?” मी विचारले. तो हसला.

मी नाणे उचलले. फी अजून भरायची आहे.