आधी नमुना, मग गोळी

गेल्या शाबानमध्ये अम्मींना थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ होऊ लागली. आम्ही घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या दिल्या आणि मग लघवी तपासायला नेली. कल्चरमध्ये काहीच उगवले नाही. ताप मात्र तसाच! डॉक्टर म्हणाले, "तुमच्या गोळ्यांनी जंतू मेला नाही, फक्त लपला."

पुन्हा नमुना द्यावा लागला. या वेळी जंतू वाढले. लॅबमधल्या ताईंनी आम्हाला एक नळी दाखवली. ट्रिप्टोफॅन असलेल्या द्रवात जंतू रात्रभर वाढवलेले. वरून कोव्हॅकच्या रसायनाचे थेंब टाकताच काही सेकंदांत लाल कडे उमटले. "हे इंडोल. बहुधा ई. कोलाय," त्या म्हणाल्या. आणखी चाचण्यांनी ते पक्के झाले. शाळेत आम्ही अक्षरावरून मूल ओळखतो. इथे जंतू काय खातो, काय सोडतो, यावरून तो ओळखतात.

कोणते औषध लागू पडेल तेही तपासले. अम्मी आता बऱ्या आहेत, अल्हम्दुलिल्लाह. पण आमच्या घाईची किंमत त्यांनी चार दिवस तापात मोजली. उरलेल्या गोळ्यांचा तो डबा आम्ही रिकामा केला आहे. तुमच्या घरी आहे का?