वरोऱ्याच्या बाजारातली भाजी

मुलांनो, नागपूरहून चंद्रपूरच्या एसटीत बसलात, की बुटीबोरी मागे पडते, जाम येते आणि मग कपाशीची काळी रानं दिसू लागतात. रेल्वेने आलात तर हिंगणघाटच्या पुढे वरोरा स्टेशन लागेल. मे महिन्यात मात्र येऊ नका बरं का! इथला उन्हाळा भल्याभल्यांना घाम फोडतो.

वरोरा हे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. जमिनीवर कापूस आणि जमिनीखाली कोळसा. म्हणजे व्यापार या गावाला नवा नाही. पण आज तुम्हाला न्यायचं आहे ते गावापासून दोन-तीन किलोमीटरवरच्या आनंदवनात. धंदा म्हणजे काय, भांडवल म्हणजे काय, गिऱ्हाईक कसं मिळतं, हे पुस्तकात तुम्ही वाचालच. इथे ते चालताबोलता पाहायला मिळतं.

मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, मूळचे हिंगणघाटचे. वरोऱ्यात ते वकिली करत. कुष्ठरोग झालेल्या माणसांना त्या काळी घरातून हाकलून देत. या माणसांसाठी बाबांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ साली आनंदवन सुरू झालं. तेव्हा हाताशी काय होतं? सरकारने दिलेली ५० एकर खडकाळ, झुडपांनी भरलेली जमीन. सहा रुग्ण. बाबा, साधनाताई आणि त्यांची दोन लहान मुलं. एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि रोख रुपये १४!

आता कॉमर्सला जाणाऱ्या तुमच्या ताईला विचारा. ती सांगेल, उत्पादनाला चार गोष्टी लागतात : भूमी, श्रम, भांडवल आणि या तिघांची सांगड घालणारा संयोजक. मग मांडा बरं आनंदवनाचा हिशेब. भूमी होती, पण साप-विंचवांची. श्रम होते, पण हात असे की बोटं झडलेली. शिवाय कुष्ठरोगात नसा बधिर होतात. फावड्याच्या दांड्याने तळहात सोलला तरी माणसाला कळत नाही, म्हणून प्रत्येक अवजार जपून धरायचं. आणि भांडवल १४ रुपये. कुठलीही बँक अशा धंद्याला कर्ज देईल का? मुळीच नाही!

तरीही या माणसांनी विहीर खणली. झुडपं तोडली, जमीन साफ केली, भाजी लावली. भांडवल म्हणजे फक्त पेटीतले पैसे नव्हेत, हा इथला पहिला धडा. खणलेली विहीर हेसुद्धा भांडवलच. ती दरवर्षी पाणी देते, पाण्यावर पीक येतं, पिकातून पुढच्या विहिरीची सोय होते. आधी स्वतःची गरज भागवायची आणि उरलेलं बाजारात न्यायचं, असा त्यांचा बेत होता.

भाजी झाली आणि वरोऱ्याच्या बाजारात गेली. तर काय? कुणी घेईना! भाजी ताजी होती, बाजार जवळ होता, पण ती कुष्ठरोग्यांच्या हातची होती. लोक घाबरत. खरं तर हा रोग भाजीतून पसरत नाही. तो एका जिवाणूमुळे होतो, आणि हा जिवाणू नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी १८७३ सालीच शोधून काढला होता. पण शास्त्रज्ञाला कळलं म्हणजे गावाला पटलं, असं थोडंच असतं?

इथे थांबून विचार करा. माल चांगला असूनही विकला जात नव्हता, मग कमी काय होतं? व्यापारी भाषेत तिला ‘पत’ म्हणतात. समोरच्याचा आपल्यावरचा विश्वास. ती चौदा रुपयांत विकत मिळत नाही आणि चौदा लाखांतही नाही.

१९५०च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे निरनिराळ्या देशांतले स्वयंसेवक आनंदवनात बांधकामाला आले. ते तिथेच राहिले, विटा-माती वाहिली आणि रुग्णांनी पिकवलेली भाजी रोज जेवले. गाव पाहत होतं. एवढे लोक खातात आणि कुणालाच काही होत नाही! हळूहळू वरोऱ्याची भीती ओसरली आणि आनंदवनच्या भाजीला गिऱ्हाईक मिळालं.

मित्रांनो, त्या दिवसांत आनंदवनाने नुसती वांगी-टोमॅटो विकली असं समजू नका. भीक घालणारा माणूस लांबूनच नाणं टाकतो आणि पुढे जातो. त्याला तुमच्या हातचं खायचं नसतं. गिऱ्हाईक मात्र समोर उभं राहतं, भाव करतं, घासाघीस करतं, पैसे मोजतं आणि तुमची भाजी आपल्या मुलांच्या ताटात वाढतं. घासाघीस होणं हासुद्धा मानच आहे! दानाने माणूस दुबळा होतो आणि कामाने उभा राहतो, असं बाबा सांगत, ते याच अर्थाने.

पुढे आनंदवनात हातमाग आला, सुतारकाम आलं, छापखाना आला, अपंगांसाठी तीनचाकी सायकली बनू लागल्या. बधिर पायांना जखम होऊ नये म्हणून मऊ रबराच्या चपलाही इथे तयार होतात. कामाची वाटणी कशी, तर ज्याचं जे शाबूत त्याने ते वापरायचं. पाय चांगले असलेला माग चालवील, डोळे चांगले असलेला हिशेब पाहील. पुस्तकात याला श्रमविभागणी म्हणतात.

आणि गंमत पाहा! १९६४ साली आनंदवनात कला, विज्ञान आणि वाणिज्य शिकवणारं महाविद्यालय उभं राहिलं. पाठोपाठ कृषी महाविद्यालयही निघालं. ज्या गावाने एके काळी भाजी नाकारली, त्याच परिसरातली धडधाकट मुलं तिथे शिकायला येऊ लागली. वाणिज्य शिकायचं आणि तेही आनंदवनात! याहून योग्य जागा कुठली?

हिशेबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. इथला सगळा खर्च विक्रीतून भागतो, असं नाही. दवाखाना, अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा, म्हातारे रुग्ण, यांच्यासाठी देणग्या आणि अनुदान लागतंच. प्रत्येक चांगलं काम नफ्यात चालत नाही. पण आनंदवनात देणगी आली म्हणून कुणाचं काम सुटलं नाही.

आज कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार मोफत मिळतो आणि वेळेवर घेतला तर रुग्ण पूर्ण बरा होतो. बाबा २००८ साली गेले, साधनाताई २०११ साली. आनंदवन चालू आहे.

येत्या बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन आईबरोबर जा आणि एक गोष्ट बघा. आई कुणाकडून भाजी घेते आणि कुणाला टाळून पुढे जाते? त्या टाळलेल्या टोपलीतली भाजी खरंच वाईट असते का? नसेल, तर आईला कारण विचारा.