टोपलीभर पीच

जानेवारीत आमच्या गावच्या सुपरमार्केटमध्ये चिलीहून आलेले पीच मांडून ठेवलेले असतात. लालबुंद, एकसारखे, अंगावर लव जवळजवळ नाहीच. ते पाहून भारतातून नुकती आलेली एखादी मुलगी हौसेनं चार उचलते, मोबाइलवर कृती बघून पाय करते आणि मग मला फोन करते, "काकू, आतून इतका पिठूळ कसा लागतो हो हा?" असे फोन आता दर हिवाळ्यात येतात. चाळीस वर्षांपूर्वी हा प्रश्न इथे कुणाला पडला नसता, कारण त्या दिवसांत पीच मिळायचा तो उन्हाळ्यातच. आणि मिळायचा तेव्हा इतका मिळायचा, की त्याचं काय काय करायचं हे शिकल्यावाचून गत्यंतर नसे.

आम्ही साउथ कॅरोलायनाच्या उत्तर भागात, स्पार्टनबर्गजवळ राहतो. सत्तरच्या दशकात इथल्या कापडगिरण्या भरात होत्या. टेक्स्टाइल शिकलेली आमच्यासारखी थोडी मराठी कुटुंबं त्या गिरण्यांमुळे इथे आली आणि इथलीच झाली. 'पीच स्टेट' हे नाव शेजारच्या जॉर्जियाला मिळालं असलं तरी पीक जास्त आमच्याकडेच येतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाखालोखाल साउथ कॅरोलायनाचा नंबर. आमच्या शेजारच्या गॅफ्नी गावानं १९८१ मध्ये पाण्याची टाकीच पीचच्या आकाराची बांधली, पान आणि मधल्या खाचेसकट. पंच्याऐंशी नंबरच्या महामार्गावरून जाताना ती अजूनही दिसते. टाकी आहे, पण आसपासच्या बागा फार कमी झाल्या. जिथे झाडांच्या रांगा होत्या तिथे आता गोदामं आणि घरं आहेत.

त्या वेळी पीच दुकानातून आणायची पद्धत नव्हती. रस्त्याच्या कडेला बागाईतदाराचा मांडव असे. वर पत्रा, खाली लाकडी फळ्या आणि त्यांवर पातळ पट्ट्यांच्या विणलेल्या टोपल्या. अर्धा बुशेल हे तिथलं माप, म्हणजे सुमारे ११ किलो. अंगावरची लव झाडावर होती तशीच असायची. टोपली उचलून गाडीत ठेवेपर्यंत कोपरापर्यंत खाज सुटायची. आता पॅकिंगच्या शेडमध्ये फळं ब्रशांखालून जातात, लव तिथेच निघते आणि दुकानात येतो तो गुळगुळीत पीच.

टोपली घेताना काय पाहायचं हे शेजारच्या आजींनी शिकवलं. त्या इथल्याच, गिरणीतून निवृत्त झालेल्या. त्या म्हणायच्या, लालीकडे बघू नकोस, ती उन्हानं चढते. फळ हातात घे आणि देठाच्या खळग्याभोवती बघ. तिथे हिरवट झाक असेल तर फळ कच्चं; तो भाग पिवळाधमक झाला असेल तर तयार. अंगठ्यानं दाबायचं नाही, डाग पडतो. तळहातावर घ्यायचं आणि वास घ्यायचा. एल्बर्टासारख्या जुन्या जातींत ही खूण सहज दिसायची, कारण फळ बरंचसं पिवळं आणि लाली एका बाजूलाच असे. एल्बर्टा ही जॉर्जियाच्या सॅम्युएल रंफ या बागाईतदारानं १८७० च्या दशकात तयार केलेली जात. नाव त्याच्या पत्नीचं. पुढे बाजाराला लालभडक फळ हवंसं झालं आणि नव्या जाती सगळीकडून लाल होतील अशाच निवडल्या गेल्या. देठाजवळची खूण त्या लालीखाली झाकली गेली. पिकलं की नाही हे डोळ्यांनी ओळखण्याचं साधन गिऱ्हाइकाच्या हातून गेलं, याची मला मनापासून हळहळ वाटते.

कोकणातून आलेल्या माणसाला इथे आणखी एक गोष्ट नव्यानं शिकावी लागते. आपण आंबा कच्चा उतरवतो, अढीत घालतो आणि तो तिथे गोड होतो, कारण त्याच्या गरात साठलेल्या स्टार्चची साखर होते. पीचमध्ये असा साठा नसतो. झाडावरून उतरला तेव्हा जेवढी गोडी होती तेवढीच शेवटपर्यंत राहते. नंतर तो मऊ होतो, वास सुटतो, आंबटपणा थोडा उतरतो, पण गोडी वाढत नाही. त्यात थंडीची भर. साधारण २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये कडक पीच बरेच दिवस राहिला की त्याचा गर बिघडतो, रसाळ न होता पिठूळ होतो. चिलीहून निघालेल्या फळाचा सगळा प्रवास गारठ्यात होतो आणि घरचा फ्रिजही नेमका याच तापमानाचा. त्या फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. तो पाय कुठल्याच कृतीनं सुधारला नसता.

तेव्हाच्या मोसमाला क्रम होता आणि स्वयंपाकघर त्या क्रमानं चालायचं. जूनमधले पीच कोयीला चिकटलेले, फोडी नीट निघत नाहीत. ते जॅमला आणि लोणच्याला. इथलं लोणचं म्हणजे सोललेले अख्खे छोटे पीच, त्यांत टोचलेल्या लवंगा, आणि व्हिनेगर, साखर, दालचिनीचा पाक. ती बरणी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला उघडायची. जुलैपासून सुट्या कोयीचे पीच येत. खाचेवरून सुरी गोल फिरवायची, दोन्ही हातांनी पीळ द्यायचा, की दोन वाट्या वेगळ्या आणि कोय बाहेर. हे पायला, कॉबलरला आणि बरण्या भरायला. जे मऊ पडले, डागाळले, ते उन्हात वाळवायचे. हिवाळ्यात ते वाळके पीच शिजवून त्यांचं सारण होई आणि लाटलेल्या पारीत भरून तळले जाई. हा तळलेला पाय म्हणजे थेट आपली करंजीच, कडा काट्यानं दाबलेली.

बरण्या भरायचा दिवस पहाटे सुरू होई, कारण ऑगस्टच्या दुपारी शेगडीजवळ उभं राहवत नसे. उकळत्या पाण्यात पीच अर्धा मिनिट सोडायचे, लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायचे, की साल बोटांनी सुटते. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लिंबाच्या पाण्यात. मग बरण्यांत भरून, पाक ओतून, झाकणं लावून मोठ्या पातेल्यात उकळवायच्या. ओट्यावर गार व्हायला ठेवल्यावर एकेक झाकण 'टक्' करून आत बसे, आणि आजी कामात असल्या तरी कान तिकडेच. ज्या बरणीचा आवाज आला नाही ती त्याच आठवड्यात संपवायची. हे अजूनही करणारी तरुण मंडळी आहेत, आणि त्यांच्यासाठी सांगते: बाजारात आता पांढऱ्या गराचे पीच खूप येतात, ते अशा बरण्यांत भरू नका. त्यांच्यात आंबटपणा कमी असतो, त्यामुळे ते सुरक्षितपणे टिकत नाहीत. पिवळेच घ्या.

आजींचा कॉबलर मात्र मी आजही तसाच करते. पसरट भांड्यात शंभर-सव्वाशे ग्रॅम लोणी घालून भांडं ओव्हनमध्ये ठेवायचं, लोणी वितळू द्यायचं. एक कप सेल्फ-रायझिंग पीठ, एक कप साखर, एक कप दूध एकत्र कालवून ते पातळसर पीठ त्या गरम लोण्यावर ओतायचं. ढवळायचं नाही. वरून चार-पाच पीचच्या फोडी त्यांच्या रसासकट पसरायच्या. तेव्हाही ढवळायचं नाही. १८० अंशांवर पाऊण ते एक तास. काचेचं भांडं असेल तर बघत बसावं: फोडी खाली जातात, पीठ फुगून त्यांच्यावर येतं, कडेला लोणी बुडबुडतं आणि तिथली पोपडी तांबूस, कुरकुरीत होते. भांड्याची ती कड मिळावी म्हणून मुलांची भांडणं व्हायची. आजींच्या मते दालचिनी चिमूटभरसुद्धा घालायची नाही. पीच चांगला असेल तर दालचिनी त्याचा वास मारते. मी त्यांच्याच मताची आहे. हल्लीच्या कृतींमध्ये दालचिनी, जायफळ, व्हॅनिला, ब्राउन शुगर सगळंच असतं, कारण फळाला चव नसते आणि ती उणीव भरून काढावी लागते.

आम्हा मराठी घरांसाठी पीचचं आणखी एक काम होतं. कोयीतल्या किडीच्या आणि फळमाशीच्या भीतीनं १९८९ पासून २००७ पर्यंत भारतातल्या ताज्या आंब्याला अमेरिकेत बंदी होती. आमरस डब्यातल्या गराचा. तो सणाला चालून जाई, पण आंब्याचे इतर जे पदार्थ फोडी करून होतात त्यांना डबा चालत नाही. तिथे पीच उपयोगी पडला. सासूबाई पहिल्यांदा इकडे आल्या तेव्हा त्यांनी टोपलीतले छोटे पीच सोलून अख्खेच सासवात टाकले. ओलं खोबरं, मोहरी, सुकी मिरची वाटून, गुळासह. एरवी हे रायवळ आंब्याचं काम. जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, "कोयीला धागे नाहीत, चोखायला मजा नाही. पण रस चांगला धरला." जूनमधल्या कडक पीचचा त्या मेथांबा करायच्या. त्यात कैरीची आंबट धार नसते, म्हणून लिंबाचा रस सढळ हातानं.

श्रीखंडाचंही तसंच. आदल्या रात्री दही मलमलच्या फडक्यात टांगायचं, सकाळी चक्का. पीच त्यात कच्चा घातला तर पाणी सुटून श्रीखंड पातळ होतं. आधी तो थोड्या साखरेबरोबर जाड बुडाच्या कढईत आटवून घट्ट करायचा, पूर्ण गार झाला की वेलची घालून फेटायचा. आता दुकानात घट्ट ग्रीक योगर्ट मिळतं, रात्रभर टांगायचं काम वाचलं, आणि ही सोय मला खरंच आवडते. आटवलेला गर उरला तर आमच्या घरी रव्याचा केक होई: रवा, दही, साखर, तूप एकत्र भिजवून अर्धा तास ठेवायचं, गर मिसळायचा, भांड्याच्या तळाशी पीचच्या फोडी लावून वर मिश्रण ओतायचं आणि भाजून झाल्यावर उलटा काढायचा. सांदणाची आठवण त्यात होती, हे आमच्या मुलांना मोठेपणी कोकणात गेल्यावर कळलं.

२००७ चा एप्रिल मी विसरणार नाही. ईस्टरच्या आठवड्यात अचानक गोठवणारी थंडी पडली आणि इकडच्या पीचचं बहुतेक पीक एका झटक्यात गेलं. त्याच महिन्याच्या अखेरीस भारतातल्या आंब्याच्या पहिल्या पेट्या बंदीनंतर अमेरिकेत उतरल्या, लासलगावच्या केंद्रात विकिरण करून आलेल्या. पुढे हापूस, केशर आमच्यासारख्यांच्या घरापर्यंत पोहोचू लागले आणि पीचचा मेथांबा, पीचचं सासव हळूहळू बंद झालं. आंबा आला याचा आनंद आहेच. पण ते पदार्थ आंब्याची उणीव भागवणारे म्हणून सुरू झाले तरी स्वतःच्या चवीचे झाले होते, आणि ते कुणी लिहून ठेवले नाहीत याचं वाईट वाटतं.

आताच्या मुलांचे पीच वेगळे आहेत. आमची लेक अर्धे पीच ग्रिलवर भाजते, चीज आणि तुळशीसारखी बेसिलची पानं घालते. पाय थापण्याऐवजी कडा आत दुमडून गॅलेट करते. भाजल्यानं पीचची साखर करपते, धुराचा वास लागतो, ते छानच लागतं. चपटे, पेढ्याच्या आकाराचे पीचही आता मिळतात. ते नुसते खावेत, शिजवून काही हाती लागत नाही. आणि हिवाळ्यात पीच हवाच असेल तर फ्रीझरमधली पिशवी घ्यावी. तो गर पिकल्यावर काढून लगेच गोठवलेला असतो, कॉबलरमध्ये चिलीच्या ताज्या फळापेक्षा कितीतरी बरा.

बागाईतदारांची चिंता मात्र खरी आहे. पीचच्या झाडाला हिवाळ्यात, जातीनुसार, काही शे ते हजारेक तास ७ अंशांखालची थंडी लागते. ती मिळाली नाही तर फुलं नीट येत नाहीत; हिवाळा लवकर सरला तर फुलं लवकर येतात आणि मार्चमधल्या थंडीत जळतात. २०१७ मध्ये असं झालं, २०२३ मध्ये पुन्हा. त्या वर्षी जॉर्जियात ९० टक्क्यांहून जास्त पीक गेलं. रस्त्याकडेचे जे थोडे मांडव उरलेत ते अशा एकेका वर्षानंतर उघडतच नाहीत.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एकच सांगणं. हिमाचलच्या राजगढसारख्या भागातले पीच जूनच्या सुमाराला पुण्या-मुंबईच्या बाजारात येतात, नेमके हापूस संपत आलेला असतो तेव्हा. देठाजवळ पिवळे झालेले, वास येणारे बघून घ्या. कडक असतील तर फ्रिजमध्ये ठेवू नका, कागदाच्या पिशवीत दोन दिवस बाहेर राहू द्या. सेल्फ-रायझिंग पीठ नसेल तर एक कप मैद्यात दीड चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा मीठ घाला. पहिल्यांदा कॉबलरच करा, आणि ढवळू नका.