वल्हं

वरकुट्यात आम्ही पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून. उजनी धरणाच्या फुगवट्यावर जायचं तर होडी, आणि होडीत बसायचं तर वल्हं हाती घ्यायचं. फुकट बसणारा आमच्या आबांना चालत नसे.

वल्हं म्हणजे बांबूच्या टोकाला खिळ्यांनी ठोकलेली फळी. धरायच्या जागी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली, तरी तळहाताला फोड यायचेच. मी सपासप मारायचो आणि पत्र्याची होडी जागच्या जागी गरगरायची. आबा म्हणायचे, "आरं, बडवू नगं. खोल घाल, मागं वढ, मग उचल." बडवायची वेळ वेगळी. जाळं लावलं की वल्ह्यानं पाण्यावर थापा मारायच्या; चिलापी बिथरून जाळ्यात शिरते. जलपर्णी सारायला, उथळाला तळ चाचपायला, बुडालेल्या बाभळींच्या बुंध्यांपासून होडी रेटायलाही तेच वल्हं.

त्या बाभळी कुणाच्या तरी बांधावरच्या. १९८० मध्ये भीमेवरचं हे धरण पुरं झालं, पुढं ११७ टीएमसी पाणी साठू लागलं, आणि इंदापूर-करमाळ्यातली गावं उठून वर सरकली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी फार उतरलं की अजून उघडं पडतं. सोयरीक मात्र पलीकडेच राहिली. रस्त्यानं जायचं तर भिगवणचा नाहीतर टेंभुर्णीचा वळसा. म्हणून होडी सुटली नाही.

मग इंजिनं आली. कॉलेजच्या वयात मला वल्ह्याची लाजच वाटायची. पुढं कुंभारगावला रोहित पक्षी बघायला गेलो, तर थवा दिसताच नावाड्यानं इंजिन बंद केलं आणि फळीखालून वल्हं काढलं. पाण्याचा आवाज न करता त्यानं आम्हाला इतकं जवळ नेलं, की चिखलात माना घालून चरणारे पक्षी हललेसुद्धा नाहीत. त्याच्या मनगटाकडेच मी बघत राहिलो. ही विद्या आमच्या काठाची आहे, आणि ती आपल्याला येते याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला.

२१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळात उलटली. सहा जीव गेले. तशा वाऱ्यापुढं वल्हं टिकत नाही, इंजिनही टिकत नाही. आभाळ भरून वारा फिरला की आबा होडी सोडतच नसत, पाहुणा कितीही घाईत असो. धरणाचं पाणी सोलापूर जिल्ह्याला लागतं. ते ओलांडायची जोखीम मात्र काठच्यांनीच किती वर्षं घ्यायची? पूल हवेत. ते होईपर्यंत माणशी एक लाइफ जॅकेट, आणि वाऱ्याच्या दिवशी होडी अडवणारा माणूस प्रत्येक धक्क्यावर हवा.