घाटघरचे चढते पाणी

भंडारदऱ्याला जाणारी मंडळी बहुधा रंधा धबधबा पाहून परततात. आम्ही मात्र पुढे घाटघरला गेलो. येथे सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसते. कड्यावर एक जलाशय, पायथ्याशी दुसरा, आणि डोंगराच्या पोटात २५० मेगावॉटचे वीजघर. मागणी वाढली की पाणी खाली सोडून वीज करायची; वीज उरली की तीच यंत्रे उलट फिरवून पाणी सुमारे ४०० मीटर वर चढवायचे!

२००८ च्या सुमारास हे सुरू झाले, तेव्हा वीज उरे ती रात्री. सौरऊर्जा वाढली तशी ती भर दुपारी उरू लागली. निर्मिती आणि खप यांचा तोल क्षणोक्षणी साधावा लागतो. ढळला की ५० हर्ट्झची लय बिघडते. औष्णिक केंद्रातली अवजड चक्रे असा धक्का क्षणभर अंगावर घेतात. सौर पाट्यांत फिरणारे काहीच नाही. त्यातून सूर्यमहाराज पाठ फिरवतात तेही नेमके दिवेलागणीला! त्या वेळी घाटघरचे पाणी मिनिटांत धावून येते. मात्र अवघ्या महाराष्ट्राची तहान पाहता ते ओंजळभरच. अशा जागा आणखी कितीतरी लागतील, आणि प्रत्येक जागी कुणाचे तरी रान पाण्याखाली जाईल.