लता कीं लथा?

कांहीं वर्षांपूर्वीं जून महिन्यांत तामिळनाडूंतून एक मुलगी आमच्या वर्गांत आली. हजेरीपटांत तिचें नांव रोमन अक्षरांत, 'टी'पुढें 'एच' जोडून लिहिलें होतें. मीं तें 'लथा' असें वाचलें. ती किंचित् थांबली, मग हळूच 'हजर' म्हणाली. चार महिने सारा वर्ग तिला लथाच म्हणे. पालकसभेच्या दिवशीं तिच्या आईनें दारांतून 'लता' अशी हांक मारली, तेव्हां माझी मान खालीं गेली.

रोमन लिपींत त आणि ट या दोहोंस एकच 'टी' आहे. म्हणून तामिळ लोक 'टी' हें अक्षर टकारासाठीं राखून तकारासाठीं 'टीएच' लिहितात. आम्ही मराठी माणसें तोच 'टीएच' थकार म्हणून वाचतों. आमचीं स्वतःचीं नांवें तरी कोठें सुटलीं आहेत? रमा आणि रामा यांचें रोमन लेखन बहुधा एकच. हजेरी घेणाऱ्यानें काय करावें, असें म्हणून मी सुटूं पाहतों. पण त्या मुलीस एकदां विचारावयास काय झालें होतें?

दुसऱ्या दिवशीं हजेरीपटांत त्या नांवापुढें देवनागरींत 'लता' लिहून मीं हांक मारली. या खेपेस ती थांबली नाहीं. वर्गाची जुनी सवय सुटावयास मात्र नाताळ उजाडला.